कॉक्स-२ चा एमआरएनए स्तनाच्या गाठीत कमी, शेजारच्या नॉर्मलमध्ये जास्त. स्लाइडवर मात्र गाठ पॉझिटिव्ह. पाणी कुठे मुरतंय?

चाळणी

नमस्कार मंडळी. स्तनाच्या इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमाच्या २४ जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत एक गाठीचा तुकडा आणि त्याच स्तनातला, गाठीपासून निदान २ सेंमी लांबचा ‘नॉर्मल’ तुकडा. रिअल-टाइम पीसीआरने पीटीजीएस२, म्हणजे कॉक्स-२ या प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमचं जीन, मोजतोय. गाठीत वाढ दिसेल अशी अपेक्षा होती. १७ जोड्यांत उलटंच आलंय.

तुकडे आरएनएलेटरमध्ये ठेवले होते. आरएनए ट्रायझॉलने काढला. रिन (आरएनए किती शाबूत आहे याचा १ ते १० मधला आकडा) नॉर्मलमध्ये ७.५ ते ८, गाठींमध्ये ५.५ ते ७. आरटीला, म्हणजे आरएनएवरून सीडीएनए बनवायला, ५०० नॅनोग्रॅम आरएनए, ऑलिगो-डीटी (एमआरएनएच्या पॉली-ए शेपटीला चिकटणारा प्रायमर), २० मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन. सीडीएनए १० पट पातळ करून त्यातला २ मायक्रोलिटर प्रत्येक वेलमध्ये. सायबर ग्रीन. पीटीजीएस२ चे प्रायमर लॅबमधले जुनेच. ब्लास्टवर दोन्ही कोडिंग भागाच्या मधल्या एकाच एक्सॉनमध्ये (जीनचा एमआरएनएत राहणारा तुकडा) बसतात, प्रॉडक्ट १४० बेसचं. रेफरन्स जीन, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरलेलं, जीएपीडीएच.

जोडी क्र. ७ चे सीटी नमुन्यादाखल (सिग्नल कितव्या सायकलला उठला तो आकडा, कमी म्हणजे साचा जास्त):

नॉर्मल: पीटीजीएस२ ३१.८, जीएपीडीएच २३.४
गाठ: पीटीजीएस२ ३२.९, जीएपीडीएच २०.९
गाठ, आरटी एन्झाइम न घालता: पीटीजीएस२ ३५.२, मेल्टचं शिखर (प्रॉडक्ट वितळण्याचा बिंदू) त्याच तापमानाला
पाण्याचा कंट्रोल: काही नाही

डेल्टा-डेल्टा सीटी (रेफरन्स वजा करून गाठ-नॉर्मलमध्ये उरलेला फरक) ३.६, म्हणजे गाठीत सुमारे १२ पट कमी. याच गाठीच्या ब्लॉकवर कॉक्स-२ ची इम्युनो (अँटिबॉडीने प्रथिन रंगवणं) केली तर पॉझिटिव्ह. मग खरं काय मानायचं? प्रायमर टाकून द्यायचे की नमुनेच?

---

सीटी_पस्तीस

नमुने ठेवा. जीएपीडीएच काढा, आणि प्रायमरही काढा.

आधी जीएपीडीएच. आरटीत दोन्हीकडे सारखाच ५०० नॅनोग्रॅम आरएनए घातलाय, तरी गाठीत ते अडीच सायकल आधी उठतंय. २ चा २.५ घात, म्हणजे ५.७ पट. स्थिर म्हणून धरलेलं जीनच एवढं हललंय, आणि हा सगळा फरक तुम्ही पीटीजीएस२ च्या माथी मारताय. ग्लायकॉलिसिसचं एन्झाइम आहे ते. ऑक्सिजन तोकडा पडला की एचआयएफ-१ हा नियामक त्याला चढवतो. गाठीत ग्लायकॉलिसिसही जोरात आणि ऑक्सिजनही कमी, त्यामुळे स्तनाच्या गाठीला जीएपीडीएच हा रेफरन्स म्हणून वाईट पर्याय. बीटा-अ‍ॅक्टिनकडे वळायचा मोह होईल, तोही टाळा. त्याची स्यूडोजीन्स (जीनच्या निकामी नकला) जीनोमभर विखुरलेली आहेत आणि तुमच्या आरएनएत डीएनए आहेच (त्याबद्दल खाली).

दुसरी शक्यता अशी, की नॉर्मलच्या आरएनएत फिनॉल किंवा ग्वानिडीन राहून गेलं आणि तिथे आरटी मंदावलं. तसं असेल तर नॉर्मलमध्ये सगळीच जीन्स मागे पडतील. याचा निकाल लावायला आहे त्याच सीडीएनएवर टीबीपी आणि पीयूएम१ ही दुसरी रेफरन्स जीन्स लावा. ती दोन्ही जवळपास सारखी आली तर दोष जीएपीडीएचचा, तीही दोन-अडीच सायकल मागे पडली तर आरटीचा. शिवाय नॉर्मलचा सीडीएनए आणखी १० पट पातळ करून बघा. सीटी सुमारे ३.३ सायकलने सरकायला हवा. दोनच सायकल सरकला तर आत काहीतरी पीसीआर अडवणारं आहे.

आता आरटी नसलेली वेल. ३५.२ वजा ३२.९ म्हणजे २.३ सायकल. २ चा उणे २.३ घात ०.२. थोडक्यात, गाठीतला पीटीजीएस२ चा पाचवा हिस्सा सिग्नल एमआरएनएचा नाहीच, जीनोमिक डीएनएचा आहे. प्रायमर एकाच एक्सॉनमध्ये आहेत म्हणून मेल्टचं शिखर जुळलं. प्रॉडक्ट एकच, साचा वेगळा. हे सुधारल्यावर गाठीचा आकडा वर जाईल अशी आशा धरू नका. तो अजून खाली जाईल, ०.३ सायकलने. पण खरा असेल.

एक्सॉन बदलून भागेल का? या जीनमध्ये नीट भागत नाही. पीटीजीएस२ छोटं आहे: १० एक्सॉन, सगळं मिळून ८ हजार बेसच्या थोडं वर. त्यातले साडेचार हजारांच्या आसपास एमआरएनएत जातात. उरलेले चार हजार बेस ९ इंट्रॉनमध्ये (एमआरएनएतून कापले जाणारे मधले भाग) वाटले तर एकेकाच्या वाट्याला सरासरी चारशे-साडेचारशे. एवढा इंट्रॉन पॉलिमरेझ सहज ओलांडू शकतं. म्हणून नुसते वेगवेगळ्या एक्सॉनमध्ये बसणारे प्रायमर पुरत नाहीत. एक प्रायमर दोन एक्सॉनच्या सांध्यावरच बसवा, त्याच्या ३-प्राइम टोकाचे ४-५ बेस पुढच्या एक्सॉनमध्ये जातील असा. प्रॉडक्ट ७० ते ९० बेस. आणि आरएनएला डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या, ट्रायझॉलनंतर कॉलमवर. त्याच धुण्यात फिनॉल-ग्वानिडीनही जातं, एका दगडात दोन पक्षी. डीएनएजनंतर आरटी असलेल्या आणि नसलेल्या वेलमध्ये ७ सायकलचं अंतर पडलं की डीएनएचा हिस्सा १ टक्क्याखाली येतो. तेवढं पुरे.

सगळ्यात मोठा घोटाळा मला ऑलिगो-डीटीत दिसतो. पीटीजीएस२ च्या एमआरएनएला मागे जवळपास अडीच हजार बेसचा ३-प्राइम यूटीआर (प्रथिनात न उतरणारा शेवटचा भाग) लोंबतोय. पॉली-ए शेपटीपासून निघालेल्या आरटीला तुमच्या प्रायमरपर्यंत पोचायला तेवढं अंतर आणि वर कोडिंगचा उरलेला भाग, म्हणजे तीनेक हजार बेस चालावं लागतं. जीएपीडीएचचा अख्खा एमआरएनए तेराशे बेसच्या आसपास. आरएनए जरा तुटला की जीएपीडीएचला फारसं कळत नाही, पीटीजीएस२ मात्र वाटेत तुटतं. आणि तुटलेला आरएनए तुमच्याकडे कुठे आहे? गाठीत. रिन ५.५ ते ७. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना सारखी नाही, ती ठरवून गाठीच्या विरोधात जाते.

आरटी असं करा: १ मायक्रोग्रॅम आरएनए, रँडम हेक्सामर (आरएनएवर कुठेही चिकटणारे छोटे प्रायमर) आणि ऑलिगो-डीटी मिळून, आधी २५ अंशांवर १० मिनिटं, मग ५० अंशांवर ५० मिनिटं, ८५ वर ५ मिनिटं. पहिली १० मिनिटं गाळू नका. हेक्सामर म्हणजे जेमतेम सहा बेस. थोडे लांबवून न घेता एकदम ५० वर नेले तर गळून पडतात. सीडीएनए ५ पट पातळ करून २.५ मायक्रोलिटर घाला. आत्ता वेलमध्ये ५ नॅनोग्रॅमचा हिशेब आहे, तो २५ होईल. सगळे सीटी २.३ सायकलने पुढे येतील. पातळ न केलेला सीडीएनए जास्त घालून सीटी ओढायचा प्रयत्न करू नका, आरटीचा बफरच पीसीआर दाबतो.

हे पुढे आणणं कशासाठी, तर ३५ च्या आसपास वेलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कॉपी असतात. सरासरी ३ कॉपी असतील तर वीसातली एक वेल निव्वळ योगायोगाने रिकामी निघते. सरासरी १ असेल तर शंभरात ३७ रिकाम्या. तिथे ट्रिप्लिकेटमधला फरक म्हणजे पिपेटिंगची चूक नव्हे, आणि कितीही काळजी घेतली तरी तो जात नाही.

---

काचपट्टी

पीसीआरचं वर आलंच आहे, मी तुकड्याबद्दल लिहितो. कारण प्रायमर सोन्याचे आणले तरी ही उलटापालट पूर्ण जाणार नाही.

‘नॉर्मल’ म्हणून घेतलेला तुकडा काचेवर बघितलाय का? स्तनातलं गाठीबाहेरचं ऊतक म्हणजे मुख्यतः चरबी, मधे तंतुमय पट्टे आणि त्यांत तुरळक नलिका-खंडिका. गाठीच्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी, स्ट्रोमा, लिम्फोसाइट. म्हणजे तुम्ही एकाच प्रकारच्या पेशींची तुलना करतच नाही आहात. आणि चरबी या बाबतीत गप्प नसते. मेलेल्या चरबीपेशीभोवती मॅक्रोफेजचं कडं बसतं, मुकुटासारखं; लठ्ठपणात ही कडी वाढतात आणि तिथे कॉक्स-२ व प्रोस्टाग्लँडिन ई२ दोन्ही चढतात. त्यातूनच शेजारच्या पेशींत इस्ट्रोजेन बनवणारं अ‍ॅरोमॅटेज वाढतं. शिवाय गाठीलगतच्या नलिकांचं अस्तर आणि डीसीआयएसचे (नलिकेबाहेर न पसरलेल्या कॅन्सरचे) भाग कॉक्स-२ साठी बऱ्याचदा आक्रमक भागापेक्षाही गडद रंगतात. असल्या ऊतकाला शून्याची रेघ मानणं हीच मूळ गल्लत.

गाठीत डाग दिसतो आणि एमआरएनए कमी येतो, यात विरोधाभास आहेच असं नाही. हिशेब करून बघा. गाठीच्या तुकड्यात १०० पेशी, त्यातल्या ६० कॅन्सरच्या. कॅन्सरच्या पेशींपैकी १० टक्के पॉझिटिव्ह, म्हणजे ६. त्या प्रत्येकीत नॉर्मल तुकड्यातल्या सरासरी पेशीच्या ५ पट एमआरएनए आणि बाकीच्यांत जवळपास काहीच नाही असं धरा. बेरीज ३० येते. नॉर्मल तुकड्यातल्या १०० पेशींची बेरीज १००. पॅथॉलॉजिस्ट म्हणेल पॉझिटिव्ह, पीसीआर म्हणेल ०.३ पट. दोघांचंही बरोबर.

टीसीजीए या कॅन्सर-जीनोम प्रकल्पाच्या सार्वजनिक आकड्यांतही स्तनाच्या गाठींमधलं पीटीजीएस२ शेजारच्या ऊतकापेक्षा एकंदरीत कमीच आहे. तेव्हा तुमच्या १७ जोड्या जगावेगळ्या नाहीत. गाठीत पीटीजीएस२ वाढतं हे वाक्य कोलनच्या कॅन्सरमधून उचलून स्तनावर चिकटवलं जातं, आणि मग आकडे पटत नाहीत म्हणून मशीनला दोष.

त्याच सीडीएनएवर तीन-चार जीन्स जास्तीची लावा, मिश्रण किती वेगळं आहे ते समजेल: एपिथेलियमसाठी ईपीकॅम किंवा केरॅटिन-१८, चरबीसाठी अ‍ॅडिपोनेक्टिन, पांढऱ्या पेशींसाठी सीडी४५. नॉर्मलमध्ये अ‍ॅडिपोनेक्टिन १० सायकल आधी उठलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता वेळ. पीटीजीएस२ हे इमिजिएट-अर्ली जीन आहे. पेशीला धक्का बसला की मिनिटांत लिहिलं जायला लागतं आणि एक-दोन तासांत शिखर गाठतं. त्याचा एमआरएनए तसा अल्पायुषी. यूटीआरमधल्या एयूयूयूए च्या ओळींवर ट्रिस्टेट्राप्रोलिन हे प्रथिन बसलं की तो तुटतो, एचयूआर बसलं की टिकतो. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या बांधल्यापासून तुकडा आरएनएलेटरमध्ये जाईपर्यंत ऊतक उबदार आणि जिवंतच असतं, त्या काळात हे जीन हलतं. आणि बहुतेक ठिकाणी आधी गाठ कापून घेतात, नॉर्मल तुकडा शेवटी, हात रिकामा झाला की. जोडीतल्या दोन तुकड्यांत अर्ध्या तासाचा फरक असेल तर तो फरकच तुम्ही मोजताय. वेळा लिहिलेल्या नसतील तर एफओएस आणि ईजीआर१ ही धक्क्याने उठणारी जीन्स मोजा. ही दोन्ही नॉर्मलमध्ये भडकलेली असतील तर पीटीजीएस२ चा बराचसा भाग हाताळणीचा.

भुलीच्या नोंदीही मागवा. उलट्या होऊ नयेत म्हणून सुरुवातीलाच डेक्सामेथासोन देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ते पीटीजीएस२ दाबतं: लिहिणंही कमी करतं, एमआरएनएही लवकर तोडतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या एन्झाइमचं काम अडवतात, एमआरएनए मोजताना त्या दिसतीलच असं नाही.

डागाबद्दलही एक शंका. अँटिबॉडी कोणती? कॉक्स-१ आणि कॉक्स-२ ची अमिनो आम्लं ६० टक्क्यांच्या आसपास सारखी आहेत, आणि कॉक्स-१ तर सगळीकडेच असतं. कॉक्स-२ च्या सी-टोकाजवळ १८ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे जो कॉक्स-१ मध्ये नाही. त्याविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी घ्या. पॉझिटिव्ह कंट्रोलला मूत्रपिंडातला मॅक्युला डेन्सा किंवा कोलनची गाठ. एका काचेवर अँटिबॉडी तिच्याच पेप्टाइडशी आधी भिजवून लावा, डाग गेला पाहिजे. खरा डाग सायटोप्लाझममध्ये दाणेदार, केंद्रकाच्या कडेला दाट असतो. केंद्रकच रंगलं असेल, किंवा सेक्शनच्या कडा आणि मेलेल्या भागाची किनारच गडद असेल, तर तो मोजू नका.

---

चाळणी

दोघांचे मनापासून आभार. आठवडाभर तेच केलं.

जुन्याच सीडीएनएवर टीबीपी आणि पीयूएम१: जोडी ७ ची सरासरी नॉर्मल २७.६, गाठ २७.१. फरक अर्ध्या सायकलचा. म्हणजे जीएपीडीएचच फितूर निघालं. नुसता रेफरन्स बदलल्यावर १२ पट कमीचं ३ पट कमी झालं.

मग डीएनएज, हेक्सामर, सांध्यावरचा नवा प्रायमर (७८ बेस), २५ नॅनोग्रॅम:

नॉर्मल: पीटीजीएस२ २८.९, रेफरन्स सरासरी २५.३
गाठ: पीटीजीएस२ २९.२, रेफरन्स सरासरी २४.८
आरटी नसलेल्या वेल: ४० पर्यंत काही नाही

डेल्टा-डेल्टा ०.८, म्हणजे ०.५७ पट. अँटिबॉडी सी-टोकाचीच आहे, पेप्टाइडने डाग गेला. अ‍ॅडिपोनेक्टिन नॉर्मलमध्ये ९ सायकल आधी.

आता पुढचे प्रश्न. एक, चार गाठींत पीटीजीएस२ ट्रिप्लिकेटमधल्या एखाद्या वेलमध्ये उठतच नाही. ४० लिहून सरासरी काढू का? दोन, नमुने थोडे आहेत म्हणून पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात साठवलेलं ऊतक) अजून ४० गाठी घ्यायच्या म्हणतोय, जमेल का? तीन, पॉझिटिव्ह कंट्रोलला कोणत्या पेशी वाढवू?

---

सीटी_पस्तीस

४० लिहू नका. मशीन किती सायकल चालवलं त्यावरून ठरलेला आकडा तो, नमुन्याशी त्याचा संबंध नाही. ४५ सायकल चालवल्या असत्या तर ४५ लिहिलं असतंत का? एक वेल रिकामी आणि दोन ३६-३७ ला असतील तर त्या नमुन्याचा सीडीएनए जास्त वेलमध्ये चालवा, किंवा डिजिटल पीसीआरवर न्या. तिथे रिकामे थेंबही हिशेबात येतात. ते जमत नसेल तर मोजता येण्याच्या मर्यादेखाली एवढंच नोंदवा आणि विश्लेषणात सेन्सर्ड (नेमका आकडा नाही, पण मर्यादेखाली) म्हणून घ्या. मर्यादा कुठे आहे ते आधी कळायला हवं: एका पूल केलेल्या सीडीएनएची ४ पट पातळ करत ५-६ पायऱ्यांची मालिका लावा. सीटी विरुद्ध मात्रेचा लॉग या रेघेचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ च्या मधे बसला म्हणजे कार्यक्षमता ९० ते ११० टक्के. ज्या पायरीला बिंदू रेघ सोडतात तिथून खालचं गृहीत धरायचं नाही.

गणित डेल्टा सीटीवर करा, पटींवर नाही. जोड्या आहेत म्हणून पेअर्ड टी-टेस्ट, किंवा विलकॉक्सनची साइन्ड-रँक. पटींची सरासरी काढली की एखादी ३० पटीची जोडी सगळ्यांना ओढून नेते. शेवटी सरासरी फरकाची पट करा, वर-खालची मर्यादा देऊन. आणि २४ जोड्यांना हर-२ पॉझिटिव्ह, ट्रिपल निगेटिव्ह असं कापू नका. प्रत्येक गटात चार-सहा उरतील, सुतावरून स्वर्ग होईल.

रेफरन्स दोनवरून तीनवर न्या. ८-१० नमुन्यांवर टीबीपी, पीयूएम१, आरपीएलपी०, पीपीआयए, एचपीआरटी१ लावून जीनॉर्ममध्ये (रेफरन्सची स्थिरता मोजणारं सॉफ्टवेअर) टाका. गाठ-नॉर्मलसारख्या विजोड ऊतकांत अस्थिरतेचा आकडा एम १ च्या आत असेल तर चालवून घ्या. सगळं एमआयक्यूई या पीसीआरच्या नोंदींच्या नियमावलीप्रमाणे लिहून ठेवा: रिन, आरटी नसलेल्या वेल, उतार, प्रायमरचे क्रम. रिव्ह्यूअर आजकाल आधी तेच मागतात.

---

मेण_वितळवा

ब्लॉकमधून जमतं, पण ब्लॉकचा आणि ताज्या तुकड्यांचा आकडा एका तक्त्यात मिसळू नका. ४० गाठी वेगळा संच म्हणूनच ठेवा.

१० मायक्रॉनच्या ३-४ कापट्या. वरच्या पहिल्या दोन-तीन फेकून द्या, हवेला उघड्या पडलेल्या असतात. शेजारची एक एच अँड ई (नेहमीच्या रंगांची) काच रंगवून पॅथॉलॉजिस्टकडून गाठीला रेघ मारून घ्या आणि बाकीच्या काचांवरून तेवढंच सुरीने खरवडा. ताज्या तुकड्यात न जमलेलं हे काम ब्लॉकमध्ये जमतं. चरबी बाहेर राहते, त्यामुळे ‘काचपट्टी’ यांचा मिश्रणाचा प्रश्न निम्मा सुटतो.

मेण काढा, प्रोटीनेज के ५६ अंशांवर, ऊतक दिसेनासं होईपर्यंत. मग ८० अंशांवर १५ मिनिटं. ही पायरी वेळ वाचवायला गाळतात आणि मग आरटी चालत नाही म्हणून रडतात. फॉर्मलिनने बेसवर चढवलेले गट उष्णतेने काही प्रमाणात उतरतात. न उतरवलेल्या बेसपाशी आरटी अडतं. पण ८० वर तासभर ठेवलंत तर आरएनए अजून तुटेल, तेव्हा घड्याळ लावा. डीएनएज इथे ऐच्छिक नाही.

ब्लॉकच्या आरएनएला रिन बघू नका, तो २ च्या आसपासच येतो आणि त्यातून काही कळत नाही. डीव्ही२०० बघा, म्हणजे २०० बेसपेक्षा लांब तुकडे किती टक्के. ३० च्या खाली असेल तर ब्लॉक सोडून द्या. नुसता ऑलिगो-डीटी अजिबात नको, शेपटी बहुतेक वेगळ्याच तुकड्यावर असते. प्रॉडक्ट ८० बेसच्या आत. तुमचं ७८ चं चालेल. रेफरन्सचे प्रॉडक्टही तेवढेच छोटे हवेत. एकीकडे ७८ आणि दुसरीकडे १५० बेस असतील तर जुन्या ब्लॉकमध्ये १५० वालं आधी पडतं आणि पीटीजीएस२ फुकटात वाढलेलं दिसतं.

फिक्सेशन किती तास झालं ते विचारा. ६ ते ७२ तासांबाहेरचे ब्लॉक शक्यतो बाजूला ठेवा.

---

पेशीघर

कंट्रोलसाठी एमडीए-एमबी-२३१ आणि एमसीएफ-७ ही स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची जोडी घ्या. पहिल्यात पीटीजीएस२ भरपूर, दुसऱ्यात जेमतेम. दोघांतला फरक दिसला नाही तर प्रायमर किंवा पेशी यांपैकी एकात घोळ आहे. पेशींची एसटीआर ओळख (डीएनएचा ठसा) तपासून घ्या.

एक फसगत इथे ठरलेली. मीडियम बदललं की नव्या सिरमनेच हे जीन उठतं. सकाळी मीडियम बदलून तासाभरात पेशी उचलल्या आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दिवशी उचलल्या, तर तुमचा कंट्रोलच दोन तोंडांनी बोलेल. बदलापासून उचलण्यापर्यंतचे तास ठरवून टाका, २४ म्हणजे २४. दाटीही सारखी, ७०-८० टक्के. मुद्दाम उठवायचं असेल तर रात्रभर कमी सिरमवर ठेवून पीएमए (हे जीन उठवणारं रसायन) १०० नॅनोमोलर, ४ तास. शेजारी तेवढंच डीएमएसओ (पीएमएचा द्रावक) घातलेली प्लेट हवीच. दर प्लेटवर एकाच मोठ्या बॅचचा २३१ चा सीडीएनए चालवा, छोट्या भागांत उणे ८० ला ठेवून. प्लेट-प्लेटमधला फरक त्यावरून काढता येतो.

---

चाळणी

शेवटचा प्रश्न. गाइडना चर्चेच्या भागात एक वाक्य हवंय, की ज्या गाठींत पीटीजीएस२ जास्त आहे त्यांना सेलेकॉक्सिबचा (कॉक्स-२ अडवणारं औषध) उपयोग होऊ शकेल. सातच जोड्या तशा आहेत. लिहू का?

---

काचपट्टी

नका लिहू. आरईएसीटी चाचणीत हर-२ निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरच्या २६३९ रुग्णांत सेलेकॉक्सिब ४०० मिलिग्रॅम रोज, दोन वर्षं, विरुद्ध प्लासिबो असं तपासलं. निकाल २०२१ मध्ये छापून आले. रोगमुक्त जगण्यात फरक पडला नाही. त्यात रुग्ण कॉक्स-२ बघून निवडले नव्हते, हा आक्षेप घेता येतो. पण सात जोड्यांच्या एमआरएनएवरून तो आक्षेप सिद्ध होत नाही. नेहमीच्या रिपोर्टात ईआर, पीआर, हर-२, केआय-६७ असतं. कॉक्स-२ नसतं, त्यालाही कारण आहे.

औषधाकडे वळायचंच असेल तर एन्झाइमच्या पुढचं-मागचं मोजा. पीटीजीएस२ पीजीएच२ बनवतं, तेवढ्याने प्रोस्टाग्लँडिन ई२ होत नाही. त्याला पीटीजीईएस हे पुढचं एन्झाइम लागतं. आणि तयार झालेलं ई२ मोडायला एचपीजीडी असतं, जे स्तनाच्या अनेक गाठींत कमी झालेलं सापडतं. तुमच्या ज्या गाठींत पीटीजीएस२ थोडं कमी आहे, त्यांत एचपीजीडी त्याहून जास्त पडलं असेल तर ई२ नॉर्मलपेक्षा वर असू शकतं. दोन प्रायमरच्या जोड्या, एक प्लेट. सीडीएनए उरलाय ना?

---

चाळणी

प्रत्येक नमुन्याचा ४० मायक्रोलिटर उरलाय. एचपीजीडीचे प्रायमर सांध्यावरच बसवतो.

---

सीटी_पस्तीस

आधी त्या प्रायमरचा उतार काढा, मग जोड्या लावा. आणि गाठ व तिचं नॉर्मल एकाच प्लेटवर, शेजारी शेजारी.